उपग्रहांच्या वेळेवर चालणारे घड्याळ घरी बनवताना: ईएसपी-३२ की रास्पबेरी पाय?

घरी स्वतःच्या हाताने घड्याळ बनवायचे आणि ते उपग्रहांकडून वेळ घेऊन चालले पाहिजे, असे एकदा मनाने घेतले की बहुतेकांची चौकशी बोर्डापासून सुरू होते. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घ्यावा की ईएसपी-३२ या सूक्ष्मनियंत्रकावर (मायक्रोकंट्रोलर) भागेल, पाय घ्यायचाच तर झिरो पुरेल की चार नंबरचा लागेल, असे ते प्रश्न असतात. गेल्या काही वर्षांत मी अशी तीन घड्याळे बनवली: पहिले ईएसपी-३२ वर, दुसरे पाय झिरो २ डब्ल्यूवर आणि तिसरे पाय ४ वर. तिन्ही आजही घरात चालू आहेत. त्यांच्या सहवासात माझे मत असे झाले आहे की घड्याळाचा नेमकेपणा बोर्डाच्या किमतीवर फारच थोडा अवलंबून असतो. तो ठरतो दोन साध्या गोष्टींवर: उपग्रहांचे संकेत ऐकणाऱ्या जीपीएस मॉड्यूलमधून दर सेकंदाला निघणारा विद्युत ठोका आपण तारेने बोर्डापर्यंत आणला आहे की नाही, आणि अँटेनाच्या वाट्याला मोकळे आकाश किती आले आहे. पुढची तुलना या दोन गोष्टींना धरूनच केली आहे.

वेळ किती नेमकी हवी?

भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहणाऱ्या माणसाला सेकंदाच्या विसाव्या-पंचविसाव्या भागाहून लहान फरक सहसा जाणवत नाही. म्हणजे दिवाणखान्यात लावायचे घड्याळ ४० मिलिसेकंदांच्या आत असले तरी ते माणसाच्या दृष्टीने अचूकच ठरते. घरातले संगणक आणि सीसीटीव्हीचा रेकॉर्डर यांच्या वेळा एकमेकांशी जुळाव्यात, एवढीच अपेक्षा असेल, तर पाच-दहा मिलिसेकंद पुरेसे होतात.

गरज खरोखर वाढते ती निरीक्षणाच्या कामात. एखादा लघुग्रह ताऱ्यासमोरून सरकतो तेव्हा त्याची सावली पृथ्वीवरून सेकंदाला अनेक किलोमीटर वेगाने धावते, आणि वेगवेगळ्या गावांतील निरीक्षकांनी तारा कधी झाकला गेला व कधी पुन्हा दिसला याच्या नोंदी एकत्र केल्या की त्या लघुग्रहाचा आकार काढता येतो. सावलीचा वेग सेकंदाला १० किलोमीटर धरला, तर वेळेत सेकंदाच्या दहाव्या भागाची चूक म्हणजे आकारात एक किलोमीटरची चूक होते. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. अशा संस्थांच्या संगतीत ज्याला पिधानाच्या, म्हणजे तारा असा झाकला जाण्याच्या, नोंदी घेण्याची ओढ लागली आहे, त्याने पुढच्या मजकुरातला ठोक्याचा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा.

उपग्रहाशिवायचा मार्ग

खर्च करण्याआधी हे मान्य केले पाहिजे की केवळ भिंतीवरच्या घड्याळासाठी उपग्रहाची गरज नसते. ईएसपी-३२ घरच्या वाय-फायला जोडला आणि त्याला एनटीपी पद्धतीने इंटरनेटवरून वेळ घ्यायला लावले, की काम होते. भारताची प्रमाणवेळ नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते आणि तिचा एनटीपी सर्व्हर सर्वांना खुला आहे. या पद्धतीत निरोप जायला आणि उत्तर यायला लागलेला एकूण वेळ मोजून त्याचा निम्मा भाग वाटेत गेला असे गृहीत धरले जाते. जाण्याची आणि येण्याची वाट सारखीच मोकळी नसली की त्या फरकाच्या निम्मी चूक घड्याळात शिरते. घरगुती ब्रॉडबँडवर ही चूक बहुतेक वेळा काही मिलिसेकंदांची, वाय-फाय गजबजलेले असेल तर काही दशक मिलिसेकंदांची असते. डोळ्याला ती कळत नाही.

हा मार्ग अपुरा पडतो तो इंटरनेट नसलेल्या ठिकाणी: गावाकडच्या घरात, किल्ल्यावर, निरीक्षणासाठी निवडलेल्या माळरानावर. तिथे अनेकजण डीएस-३२३१ ही बॅटरीवर चालणारी घड्याळ-चिप सुचवतात. ती चांगली आहे. तापमानानुसार स्वतःला सावरून घेणारी ही चिप दहा लाखांत दोन भागांच्या आत चालते, म्हणजे दिवसाला सेकंदाच्या सहाव्या भागाइतकी आणि वर्षाला फार तर मिनिटभराची चूक होते. तिच्याऐवजी स्वस्त म्हणून डीएस-१३०७ घेऊ नये. तिच्या वेळेचा ठेका धरणाऱ्या स्फटिकाला तापमानाची भरपाई नसते आणि उन्हाळ्यात ती दिवसाला एक-दोन सेकंद सहज भटकते. एक सावधगिरीची गोष्ट: बाजारात सर्वत्र मिळणाऱ्या डीएस-३२३१ च्या निळ्या मॉड्यूलवर बॅटरी चार्ज करणारी जोडणी असते, आणि त्यात साधा, चार्ज न होणारा सीआर-२०३२ सेल बसवला तर तो फुगू शकतो. चार्जिंगच्या वाटेवरचा रोध (रेझिस्टर) किंवा डायोड काढून टाकावा आणि मगच सेल बसवावा.

तरीही डीएस-३२३१ स्वतःहून वेळ जाणत नाही. तिला कोणीतरी वेळ सांगावी लागते. उपग्रहाचा संदेश मिळेनासा झाल्यावर धीर देणारी सोबतीण म्हणून ती उत्तम.

मॉड्यूलमधून नेमके काय बाहेर येते

इथे थोडे थांबले पाहिजे, कारण सगळ्या तुलनेची किल्ली इथे आहे. जीपीएस मॉड्यूल दोन वाटांनी वेळ देते. एका तारेवरून मजकुराच्या ओळी येतात. त्यांत तास, मिनिट, सेकंद, दिनांक, अक्षांश, रेखांश असे सगळे असते. दुसऱ्या तारेवर दर सेकंदाच्या आरंभी एक ठोका येतो. त्याला पीपीएस म्हणतात. निओ-६एम या स्वस्त मॉड्यूलचाही ठोका सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावा इतका नेमका असतो. मजकूर मात्र आळशी असतो. सुरुवातीचा वेग ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट, एका अक्षराला १० बिट) असल्याने सेकंदाला ९६० अक्षरेच जाऊ शकतात, आणि वेळ सांगणारी सत्तरेक अक्षरांची एक ओळ पोहोचायला ७० मिलिसेकंदांहून अधिक काळ लागतो. त्यातही मॉड्यूल आधी गणित करते, मग लिहायला घेते. दिसणाऱ्या उपग्रहांची यादी सांगणाऱ्या ओळी कधी दोन असतात तर कधी चार, त्यामुळे मागच्या ओळी पुढे-मागे सरकत राहतात.

थोडक्यात, मजकूर सांगतो की कोणता सेकंद, आणि ठोका सांगतो की तो नेमका केव्हा सुरू झाला. दोन्ही हवेत.

माझ्या पहिल्या घड्याळात मी फक्त मजकूर वापरला होता. ओळ आली की अंक बदलायचे, एवढाच कार्यक्रम. घड्याळ बरोबर आहे अशी माझी खात्री होती, कारण रेडिओवर बातम्यांच्या आधी येणाऱ्या पीपशी ते जवळपास जुळत होते. पुढे लक्षात आले की ती कसोटीच कच्ची होती. भूस्थिर उपग्रहामार्गे येणारा आवाज ३६,००० किलोमीटर वर जाऊन तेवढाच खाली येतो आणि त्यातच जवळपास पाव सेकंद जातो, आणि मोबाइलच्या ॲपवर रेडिओ ऐकला तर उशीर कित्येक सेकंदांचा असतो. मग मी मोबाइलचा कॅमेरा सेकंदाला २४० फ्रेमच्या मंदगती चित्रणावर ठेवला आणि मॉड्यूलवरचा ठोक्याबरोबर लुकलुकणारा बारीक दिवा व घड्याळाचे अंक एकाच चौकटीत घेतले. एक एक फ्रेम पुढे सरकवत गेलो. दिवा लागला, अंक तेच. आणखी पाच फ्रेम, दहा फ्रेम, वीस फ्रेम, अंक तेच. पंचविसाव्या-तिसाव्या फ्रेमच्या दरम्यान कुठेतरी अंक बदलले, आणि हा आकडा दर सेकंदाला थोडा वेगळा येत होता. म्हणजे माझे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त मागे होते, आणि तेही सारखे नव्हते.

दुरुस्ती सोपी होती. ठोक्यानंतर आलेली ओळ नुकत्याच झालेल्या ठोक्याची वेळ सांगते. म्हणून तिच्यात एक सेकंद मिळवून पुढचे अंक आधीच तयार ठेवायचे आणि पुढचा ठोका पडताक्षणी दाखवायचे. त्यानंतर तेच चित्रण केले तेव्हा दिवा आणि अंक एकाच फ्रेममध्ये बदलले. हे दृश्य पाहिल्याचा आनंद मला अजून आठवतो. घड्याळ बनवणाऱ्या प्रत्येकाने ही कसोटी एकदा तरी करावी. तिला मोबाइलशिवाय काहीही लागत नाही.

ईएसपी-३२ विरुद्ध पाय

आता मूळ प्रश्नाकडे. ईएसपी-३२ हा सूक्ष्मनियंत्रक आहे, संगणक नव्हे. त्यावर आपला एकच कार्यक्रम चालतो आणि ठोका आला की तो काही मायक्रोसेकंदांत दखल घेतो. वीज गेली आणि आली, तर काही क्षणांत तो पुन्हा उभा राहतो. ईएसपी-३२ आणि साधे मॉड्यूल मिळून हजार रुपयांच्या आत काम होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात हे सगळे सामान एका फेरीत मिळते.

रास्पबेरी पाय हा पूर्ण संगणक आहे. त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली चालते, आणि लिनक्स एका वेळी शंभर कामांकडे पाहत असते. तरीही ठोका थेट पिनवर आणून लिनक्सच्या गाभ्यातल्या (कर्नलच्या) पीपीएस चालकाकडे दिला आणि क्रोनी हा वेळ जुळवणारा कार्यक्रम बसवला, तर पायचे अंतर्गत घड्याळ उपग्रहवेळेच्या काही मायक्रोसेकंदांत राहते. हे मी माझ्या पाय ४ वर महिनोन्महिने पाहतो आहे. क्रोनीचे खरे बळ वेगळेच आहे: तो केवळ वेळ लावत नाही, तर पायच्या स्फटिकाची सवय शिकतो. हा स्फटिक दिवसाला किती पुढे पळतो, हे त्याला कळले की उपग्रह दिसेनासे झाले तरी तो त्या अंदाजाने घड्याळ सावरत राहतो. शिकलेल्या अंदाजात दहा लाखांत एक भागाची चूक उरली, तरी तासाला साडेतीन मिलिसेकंदांहून थोडीच जास्त घसरण होते. ईएसपी-३२ च्या स्फटिकात दहा लाखांत दहा भागांचा फरक असला आणि आपण तो शिकवला नाही, तर तीच घसरण तासाला ३६ मिलिसेकंद होते. ही शिकवणी ईएसपी-३२ वरही लिहिता येते, पण ती स्वतः लिहावी लागते; पायवर ती तयार मिळते.

दिनांकाच्या बाबतीतही हा फरक दिसतो. उपग्रहाकडून येणारी वेळ आपल्या प्रमाणवेळेच्या साडेपाच तास मागे असते. ईएसपी-३२ वर मी तासांत साडेपाच मिळवले आणि दिनांक तसाच छापला. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत घड्याळ कालचीच तारीख दाखवत राही, आणि मी त्या वेळी झोपलेला असल्याने मला ते कधी दिसलेच नाही. पाच वाजता उठणाऱ्या आईने एका सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवून विचारले, "तुझं घड्याळ एक दिवस मागं का रे चालतं?" वेळ आधी एकूण सेकंदांत बदलून त्यात १९,८०० सेकंद मिळवावे आणि मग दिनांक काढावा, म्हणजे हा दोष राहत नाही. पायवर मात्र कोलकात्याचा कालविभाग निवडला की संपले. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या वाचकांना वर्षातून दोनदा तासभर सरकणारे घड्याळ हवे असते. त्यांच्यासाठी ही सोय अधिकच मोलाची आहे.

पायच्या उणिवाही तेवढ्याच खऱ्या आहेत. अचानक वीज गेली की मेमरी कार्डवरची माहिती बिघडण्याचा धोका असतो, आणि आपल्याकडे भारनियमन असलेल्या भागांत हा धोका रोजचा आहे. यावर उपाय म्हणजे सगळे बसवून झाल्यावर कार्ड केवळ वाचण्यापुरते खुले राहील अशी मांडणी करणे. पायच्या नेहमीच्या सेटिंगच्या यादीतच तशी सोय आहे. दुसरे, पाय ३, झिरो २ डब्ल्यू आणि ४ यांवर चांगले सीरियल पोर्ट (मजकुराच्या ओळी आत येण्याची वाट) ब्लूटूथसाठी अडवलेले असते आणि दुसऱ्यावर लॉगिनचा पडदा असतो; दोन्ही मोकळे केल्याखेरीज जीपीएसचा मजकूर नीट येत नाही. नवशिक्याची पहिली संध्याकाळ बहुधा इथेच खर्च होते.

तेव्हा माझा कौल असा: जे घड्याळ फक्त दाखवायचे आहे, त्याला ईएसपी-३२, ठोक्याच्या तारेसह. जे घड्याळ दुसऱ्या यंत्रांना वेळ वाटणार आहे किंवा ज्याच्या नोंदी पुढे कोणाला दाखवाव्या लागणार आहेत, त्याला पाय. क्रोनी प्रत्येक ठोक्याचा हिशेब फायलीत लिहून ठेवू शकतो, आणि त्या रात्री घड्याळ किती नेमके होते हे पिधानाच्या नोंदीबरोबर पुराव्यानिशी देता येते.

कोणता पाय?

हा भाग लवकर आटोपतो. झिरो २ डब्ल्यू कमी वीज खातो आणि छोट्या डब्यात मावतो, पण त्याला इथरनेट, म्हणजे तारेने नेटवर्कला जोडण्याची सोय, नाही. वेळ वाटायची तर ती वाय-फायवरून, आणि वाय-फायवर उपग्रहाने दिलेला नेमकेपणा वाटेत सांडतो. पाय ३ वर इथरनेट आहे, पण ते आतून यूएसबीमार्गे जाते, त्यामुळे उशिरात थोडी अस्थिरता येते. पाय ४ वर इथरनेट थेट आहे, आणि घरातल्या वेळ-सर्व्हरसाठी मी तोच निवडेन. सर्वांत कमी मेमरीचा पुरतो. पाय ५ वर बॅटरीवर चालणारे घड्याळ अंगचेच असते, सेल तेवढा वेगळा घ्यावा लागतो, आणि त्याचे इथरनेट माहितीच्या पाकिटांवर हार्डवेअरमधूनच वेळेचा शिक्का मारू शकते. ज्याला एका यंत्रावरून दुसऱ्यावर मायक्रोसेकंदाखालची वेळ न्यायची आहे त्याला याचा उपयोग आहे. इतरांनी ते पैसे अँटेनावर घालावेत.

पडद्याविषयी एकच सांगतो. एचडीएमआयने टीव्ही जोडला तर टीव्ही स्वतः चित्र सजवण्यात वेळ घालवतो आणि घड्याळ मागे पडते. मॅक्स-७२१९ चिपवरचे लाल एलईडी अंक थेट पिनांवरून चालवले तर हा प्रश्न येत नाही, आणि रात्री खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही ते वाचता येतात.

मॉड्यूल: निओ-६एम, एम८एन की वेळेसाठीचे खास?

निओ-६एम फक्त अमेरिकेचे जीपीएस ऐकते. निओ-एम८एन जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ आणि चीनचे बेईदूही ऐकते. अर्धेच आकाश दिसणाऱ्या खिडकीत हा फरक मोठा ठरतो. ठोक्याच्या नेमकेपणात मात्र घरगुती कामापुरता दोघांत निवडण्यासारखे काही नाही. एम८टी नावाचे वेळेसाठीच बनवलेले मॉड्यूल आधी काही तास आपली जागा पक्की मोजते. एकदा जागा माहीत झाली की वेळ काढायला चार उपग्रहांची गरज उरत नाही, एकही पुरतो. उंच इमारतींच्या मधल्या घरात किंमत जास्त असूनही ते घेण्यासारखे आहे.

निओ-६एमच्या लोकप्रिय बोर्डाबाबत एक अडचण आधीच माहीत असावी. त्यावर बाहेर चारच पिन असतात: वीज, ग्राउंड, पाठवणे आणि घेणे. ठोक्याची पिन अनेकदा बाहेर काढलेलीच नसते. चिपच्या तिसऱ्या पिनवर ठोका असतो आणि तोच लुकलुकणाऱ्या दिव्यापर्यंत गेलेला असतो; दिव्याच्या रोधाला बारीक तार सोल्डर करून तो मिळवता येतो. हात स्थिर नसेल तर थोडे पैसे जास्त देऊन पाच पिनांचा, पीपीएस असे छापलेला बोर्ड घ्यावा. ठोक्याची पातळी ३.३ व्होल्टची असते आणि ती पायच्या पिनला थेट चालते. पाच व्होल्टची कोणतीही तार पायच्या पिनला लावू नये.

यूएसबीची जीपीएस कांडी मिळते, ती जोडणे सर्वांत सोपे असते, आणि म्हणूनच तिचा मोह होतो. तिच्यात बहुधा ठोका बाहेर येत नाही. नुसत्या मजकुरावर पायने काढलेली वेळ घरच्या इंटरनेटवरून घेतलेल्या वेळेपेक्षाही वाईट निघू शकते. नकाशासाठी कांडी घ्यावी, घड्याळासाठी घेऊ नये. मॉड्यूल घेताना आणखी एक काळजी: माझ्या हाती एकदा एम८एन म्हणून असे मॉड्यूल आले की जे जीपीएसखेरीज एकही उपग्रह दाखवायला तयार नव्हते. घरी आणल्या दिवशीच उपग्रहांची यादी पाहावी, म्हणजे परत करण्याची मुदत टळत नाही.

आपल्या नाविक या भारतीय उपग्रहयंत्रणेचे काय, असा प्रश्न साहजिकच येतो, आणि तो मला जिव्हाळ्याचा वाटतो. नाविकचे संकेत मुख्यतः एल-५ आणि एस या रेडिओ पट्ट्यांत येतात, तर स्वस्त मॉड्यूल १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या एल-१ पट्ट्यातच ऐकतात. २९ मे २०२३ रोजी प्रक्षेपित झालेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून नाविकमध्ये एल-१ ची भर पडली, आणि भारतात बनलेले रुबिडियम अणुघड्याळही त्यातूनच प्रथम अवकाशात गेले. पुढचा एनव्हीएस-०२ जानेवारी २०२५ मध्ये सुटला, पण ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. नाविक ऐकणारे मॉड्यूल घ्यावे, त्याचा मला आनंदच होईल. पण तूर्त घड्याळ केवळ नाविकवर अवलंबून ठेवू नये, जीपीएस सोबत असू द्यावे.

अँटेना आणि खिडकी

पैसा आणि वेळ खरा इथे घालावा. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून बोलतात आणि त्यांचा आवाज जमिनीवर येईपर्यंत अत्यंत क्षीण झालेला असतो. पत्र्याखाली तो येत नाही. स्लॅबखाली, मधल्या मजल्यावर, तो आला तरी तुटत तुटत येतो. मॉड्यूलबरोबर येणारी छोटी चौकोनी अँटेना टेबलावर ठेवून उपग्रहांची वाट पाहत बसण्यापेक्षा तीन ते पाच मीटर तारेची, चुंबकाच्या बुडाची अँटेना घ्यावी आणि ती खिडकीबाहेर एखाद्या लोखंडी पत्र्याच्या तुकड्यावर, तोंड आकाशाकडे करून बसवावी. खालचा पत्रा भिंतीवरून उलटून येणारे संकेत बरेच अडवतो.

खिडकी निवडता येत असेल तर दक्षिणेची निवडावी, आणि याला भूमितीचे कारण आहे. जीपीएसच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांचा कोन करतात, त्यामुळे उपग्रह त्याहून उत्तरेला कधी जातच नाहीत. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावरून पाहिले तर थेट उत्तरेला क्षितिजापासून सुमारे ४० अंश उंचीपर्यंतच्या आकाशात जीपीएसचा एकही उपग्रह येत नाही, आणि दक्षिणेला मात्र ते क्षितिजाजवळपर्यंत दिसतात. माझे दुसरे घड्याळ उत्तरेच्या खिडकीत आठवडाभर अडखळत होते. अँटेना दक्षिणेच्या गॅलरीच्या कठड्यावर नेली आणि त्याच दिवशी ते शांत झाले. बोर्ड तोच, मॉड्यूल तेच.

पावसाळ्याची भीती नको. या तरंगलांबीला पावसाच्या धारा अडवत नाहीत. ओल्या झाडाच्या दाट पानांनी संकेत कमी होतो, आणि खरा घात होतो तो जोडाच्या ठिकाणी पाणी शिरल्याने. तार खिडकीत येण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच टपकते, आणि जोडावर पाणीरोधक टेप घट्ट गुंडाळावी.

सुरुवातीला काही सेकंदांची चूक का दिसते?

घड्याळ पहिल्यांदा चालू केल्यावर ते दोन-तीन सेकंद चुकीचे दिसले, तर लगेच सोल्डरिंगचे हत्यार हातात घेऊ नये. जीपीएसची स्वतःची वेळ ६ जानेवारी १९८० पासून अखंड चालते, तिच्यात लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी वेळ जुळावी म्हणून मधूनच वाढवलेले सेकंद) मिळवले जात नाहीत, आणि म्हणून ती आज जागतिक प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. हा फरक किती, हे उपग्रह सांगतात, पण ते वाक्य साडेबारा मिनिटांतून एकदाच येते. ते ऐकेपर्यंत मॉड्यूल स्वतःजवळचा जुना आकडा वापरते. शेवटचा लीप सेकंद आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर आला होता. त्यापूर्वी बनलेल्या मॉड्यूलजवळ जुनाच आकडा असणार. पंधरा-वीस मिनिटे थांबावे.

फार जुने मॉड्यूल भंगारातून किंवा जुन्या यंत्रातून काढून वापरणार असाल तर आणखी एक गोष्ट तपासावी. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक १० बिटांत असतो, म्हणून १०२४ आठवड्यांनी तो पुन्हा शून्यावर येतो. एप्रिल २०१९ मध्ये तसे झाले आणि पुढची पाळी नोव्हेंबर २०३८ मध्ये आहे. काही जुनी मॉड्यूल अशा वेळी जवळपास २० वर्षे मागची तारीख दाखवू लागतात. सेकंदाचा ठोका तेव्हाही अगदी बरोबर असतो. दिनांक तेवढा कार्यक्रमातून दुरुस्त करावा लागतो.

कार्यालयासाठी असेल तर

घरच्या घड्याळाचे यश पाहून ते कार्यालयाच्या संगणकांना जोडावे असे वाटू शकते. तिथे निर्णय केवळ तांत्रिक राहत नाही. सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या यंत्रांची वेळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवायची आहे. त्यामुळे तिथे पाय बसवायचा झाला तर क्रोनीत या सरकारी सर्व्हरांची नावे मुख्य स्रोत म्हणून ठेवावीत, उपग्रहाचा ठोका तुलनेसाठी जोडावा, आणि दोघांतला फरक रोज नोंदवला जाईल अशी व्यवस्था करून ती संगणक विभागाच्या प्रमुखांना आधी दाखवावी.

खरेदीला निघण्यापूर्वी एक दिवस मोबाइलवर उपग्रहांची यादी दाखवणारे एखादे मोफत ॲप घ्यावे आणि जिथे अँटेना बसवायची आहे तिथे मोबाइल सकाळी, दुपारी आणि रात्री दहा-दहा मिनिटे ठेवून जीपीएसचे किती उपग्रह स्थिर राहतात ते कागदावर लिहावे. तिन्ही वेळा सात-आठ मिळाले तर निओ-६एम आणि आवडेल तो बोर्ड घेऊन कामाला लागावे. चार-पाचांवर अडले तर बोर्डासाठी बाजूला काढलेल्या पैशांतून आधी एम८एन आणि लांब तारेची अँटेना घ्यावी, आणि उरलेल्या पैशांत ईएसपी-३२ च बसत असेल तर त्याच्यावर पहिले घड्याळ करावे.